निरोप वेळेवर पोचला तरच ग्रिड शहाणं : वीजजाळं आणि त्याची संपर्कव्यवस्था



आजचा विषय विजेचा आहे, पण तारेतून वाहणाऱ्या विजेबद्दल आपण फारसं बोलणार नाही. त्या विजेच्या शेजारून, कधी त्याच तारेवरून तर कधी हवेतून जे निरोप धावत असतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहोत. ‘स्मार्ट ग्रिड’ हा शब्द आता सगळ्यांच्या कानावर पडलाय. घरोघरी स्मार्ट मीटर बसतायत, काही सबस्टेशनं दूरवरच्या खोलीतून चालवली जातायत, छतावरची सोलर पॅनेलं उलटी वीज पाठवतायत. पण बघा, ट्रान्सफॉर्मरचं तत्त्व तेच आहे, तारा त्याच आहेत, ओहमचा नियमही तोच आहे. मग ग्रिड स्मार्ट झालं म्हणजे नेमकं काय झालं? झालं एवढंच, की त्यातली उपकरणं आता एकमेकांशी पूर्वीपेक्षा खूप जास्त बोलतात.

म्हणून आज आपण एकच प्रश्न धरून चालू. एखादा निरोप किती वेळात पोचला पाहिजे, आणि तो उशिरा आला, आलाच नाही किंवा खोटा आला तर काय होतं? कुठलं तंत्रज्ञान कुठे वापरायचं, हे या प्रश्नावरून बऱ्यापैकी आपोआप ठरतं.

घाई कशाची असते?

धान्याचं कोठार असतं, पाण्याचं धरण असतं. विजेचं तसं नाही. बॅटऱ्या आणि पंप्ड स्टोरेज आहेत, पण एकूण मागणीच्या मानाने ते अजून थोडं आहे. ज्या क्षणी आपण पंखा लावतो, त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. हे गणित जुळतंय की नाही, याची नाडी म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असते, आणि ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ती ठेवायची असते. मागणी वाढली की ती खाली येते, निर्मिती जास्त झाली की वर जाते.

आता या जाळ्यात कोणकोणती कामं चालतात आणि प्रत्येकाला किती मुदत असते ते बघू.

सगळ्यात घाईचं काम संरक्षणाचं. समजा, ४०० केव्हीच्या लाइनवर झाड पडलं किंवा इन्सुलेटर फुटला. त्या क्षणी हजारो अँपिअरचा प्रवाह तिकडे धावतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे ४०० आणि ७६५ केव्हीवरचा असा बिघाड १०० मिलिसेकंदांत तोडला पाहिजे; २२० आणि १३२ केव्हीला १६० मिलिसेकंद मिळतात. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे सगळी मिळून पाच आवर्तनं. त्यातली दोनेक ब्रेकरला यांत्रिकपणे उघडायलाच लागतात. रिलेला बिघाड ओळखायला साधारण एक आवर्तन लागतं, आणि ठिणगी विझायला थोडा वेळ द्यावा लागतो. मग निरोपाच्या वाट्याला काय उरतं? मोजके मिलिसेकंद.

दुसरं काम देखरेखीचं. कुठला ब्रेकर चालू, कुठल्या लाइनवर किती भार, व्होल्टेज किती, हे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दिसलं पाहिजे. इथे काही सेकंद चालतात.

तिसरं काम नियोजन आणि हिशेबाचं. आपल्या देशात वीज खरेदी-विक्रीचं वेळापत्रक १५ मिनिटांच्या तुकड्यांत चालतं, दिवसाचे ९६ तुकडे. आणि घरातल्या मीटरची नोंद? ती काही तासांनी पोचली तरी आभाळ कोसळत नाही.

सबस्टेशनमधल्या ट्रिपच्या निरोपाला जास्तीत जास्त ३ मिलिसेकंद आणि हिशेबाच्या तुकड्याला १५ मिनिटं असं धरलं, तर दोन्हींत तीन लाख पटींचा फरक पडतो. इतका फरक असलेली कामं एकाच जाळ्यावर, एकाच पद्धतीने होणार नाहीत, हे उघड आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘फास्ट नेट’ म्हटलं की आपल्या डोक्यात येतो तो डेटाचा लोंढा. पण लोंढा मोठा असणं वेगळं आणि निरोप लवकर पोचणं वेगळं. एसटीत पन्नास माणसं मावतात, पण ती गाडी सुटल्यावर स्टेशनात पोचली तर काय उपयोग? संरक्षणाचा निरोप जेमतेम काही बिटांचा असतो, ‘ब्रेकर उघड’ एवढाच. पण तो ठरलेल्या वेळेत आणि दर वेळी त्याच वेळेत पोचला पाहिजे. नव्याण्णव वेळा २ मिलिसेकंदांत आणि शंभराव्या वेळी अर्ध्या सेकंदात, असं संरक्षणात चालत नाही. कारण तो शंभरावा प्रसंग नेमका वादळातला असू शकतो.

तारेवरून बोलणं

हे निरोप पूर्वी कसे जायचे? महामार्गाने जाताना मोठं सबस्टेशन दिसलं तर एकदा नीट बघा. आत शिरणाऱ्या लाइनवर पिंपासारखी एक गुंडाळी टांगलेली किंवा उभी केलेली दिसते. तिला वेव्ह ट्रॅप म्हणतात. ही पीएलसीसी, म्हणजे पॉवर लाइन कॅरिअर कम्युनिकेशनची खूण. कल्पना फार छान आहे. वीज न्यायला दोन गावांमध्ये तार टाकलेलीच आहे, मग त्याच तारेवर निरोपही पाठवू. वीज ५० हर्ट्झवर आणि निरोप साधारण ४० ते ५०० किलोहर्ट्झवर. कपलिंग कपॅसिटर निरोप तारेवर चढवतो आणि उतरवतो. वेव्ह ट्रॅप त्याला सबस्टेशनच्या यार्डात भरकटू देत नाही. वीज मात्र आरपार जाते.

याच मार्गाने अनेक दशकं ऑपरेटर एकमेकांशी फोनवर बोलले, आणि एका टोकाच्या रिलेने दुसऱ्या टोकाला ‘तूही ट्रिप हो’ असं सांगितलं. मर्यादा दोन. एकतर जागा फार अरुंद, थोडंसंच बोलता येतं. दुसरं म्हणजे निरोपाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा त्याच तारेवर बिघाड झालेला असतो. तरी पीएलसीसी आजही अनेक ठिकाणी राखीव मार्ग म्हणून टिकून आहे, आणि ते योग्यच आहे.

पुढची पायरी ओपीजीडब्ल्यूची. मनोऱ्याच्या अगदी टोकावरून एक तार जाते, जी वीज वाहत नाही. आकाशातली वीज अंगावर घ्यायची आणि जमिनीत सोडायची, हे तिचं काम. तिला अर्थ वायर म्हणतात. ती घ्यायचीच आहे, तर तिच्या पोटातच काचेचे तंतू घालू, ही ती कल्पना. प्रकाशावर विद्युतक्षेत्राचा परिणाम होत नाही, त्यामुळे शेजारी ४०० केव्ही असली तरी निरोप स्वच्छ राहतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरला अर्धा मिलिसेकंद. उरलेला वेळ जातो तो वाटेतल्या उपकरणांत.

या तंतूंमुळे संरक्षणाची रीतच बदलली. पूर्वी रिले आपल्याच टोकाचं व्होल्टेज आणि प्रवाह बघून अंदाज बांधायचा की बिघाड किती लांब आहे. आता दोन्ही टोकांचे रिले आपापला प्रवाह एकमेकांना सतत कळवतात. इकडून आत गेलेला प्रवाह तिकडून बाहेर पडला पाहिजे. हिशेब जुळला नाही तर बिघाड याच लाइनवर आहे. आता अंदाजाची जागा हिशेबाने घेतली, आणि हा हिशेब उभा आहे निरोपावर.

सबस्टेशनच्या आत

आता कुंपणाच्या आत येऊ. जुन्या सबस्टेशनमध्ये यार्डातल्या प्रत्येक ब्रेकरपासून, प्रत्येक सीटीपासून कंट्रोल रूमपर्यंत तांब्याच्या केबली गेलेल्या असतात. ट्रेंचचं झाकण उचललं की केबलींचा नुसता गुंता. प्रत्येक माहितीला एक स्वतंत्र जोडी. वर प्रत्येक कंपनीच्या रिलेची भाषा वेगळी, त्यामुळे एका कंपनीचा रिले दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेला जोडायचा म्हणजे मधे दुभाष्या बसवणं आलं.

यावर उपाय म्हणून आयईसी ६१८५० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याचे मुख्य भाग २००३ ते २००५ या काळात प्रसिद्ध झाले. मूळ विचार दोन पदरी आहे. एक, सबस्टेशनमधल्या प्रत्येक गोष्टीला ठरलेलं नाव द्यायचं; ब्रेकर कुठल्याही कंपनीचा असो, माहितीत त्याचं नाव ‘एक्ससीबीआर’च. दोन, हे सगळं बोलणं आपल्या ऑफिसातल्याच जातीच्या इथरनेट जाळ्यावर करायचं.

पण थांबा. ऑफिसातलं नेट कधी कधी अडकतं, मग त्यावर ट्रिपचा निरोप सोपवायचा कसा? याचं उत्तर ‘गूज’ नावाच्या निरोपात आहे. आपण ईमेल पाठवतो तेव्हा त्यात पोच, पत्ता, रांग असं बरंच असतं. गूज यातलं काही करत नाही. तो दवंडीसारखा आहे. एका रिलेने जाळ्यावर ओरडून सांगायचं, ज्याला गरज आहे त्याने ऐकायचं. रांगेत त्याला अग्रक्रम असतो. पोच मागितली जात नाही, त्यामुळे तो हरवण्याची भीती असते. म्हणून काही घडलं की रिले तोच निरोप अगदी थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा पाठवतो, मग अंतर हळूहळू वाढवतो. सर्वांत कडक वर्गातल्या निरोपासाठी मुदत आहे ३ मिलिसेकंद.

आणि काहीच घडलं नाही तर? तरीही गूज गप्प बसत नाही. ठरावीक वेळाने तो ‘आहे, आहे, सगळं तसंच आहे’ असं सांगत राहतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला शांतता आणि मौन यांतला फरक कळतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच्याही पुढची पायरी म्हणजे प्रोसेस बस. यार्डातच एक उपकरण बसवतात, मर्जिंग युनिट. ते प्रवाह आणि व्होल्टेज मोजून आकडे करतं आणि काचेच्या तंतूवरून आत पाठवतं. प्रचलित पद्धतीत एका आवर्तनात ८० वेळा मोजणी, म्हणजे सेकंदाला ४,००० नमुने. एका युनिटला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट लागतात. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवर वीस युनिटं कोंबली, की ती तुडुंब भरली. जाळं आखताना हे गणित आधी मांडावं लागतं.

नमुन्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, घड्याळाची. ३६० अंशांचं आवर्तन २० मिलिसेकंदांत पुरं होतं, म्हणजे एक अंश सुमारे ५५ मायक्रोसेकंदांचा. दोन युनिटांची घड्याळं तेवढी जरी चुकली, तरी रिलेला एक अंशाचा खोटा फरक दिसणार. म्हणून उपग्रहावरून वेळ घेऊन ती जाळ्यावरूनच सगळ्यांना वाटतात, आणि अचूकता एका मायक्रोसेकंदाच्या आसपास ठेवतात. या जाळ्यात वेळ चुकली की मोजमापच खोटं ठरतं.

आणि केबल तुटली तर? साध्या इथरनेटमध्ये पर्यायी रस्ता शोधला जातो, पण त्या शोधात वेळ जातो. इथे तो परवडत नाही. म्हणून पीआरपी नावाची रीत आहे. प्रत्येक निरोपाच्या दोन प्रती, दोन संपूर्ण वेगळ्या जाळ्यांवरून, एकाच वेळी. जी आधी पोचली ती घ्यायची, दुसरी टाकून द्यायची. एक जाळं बंद पडलं तरी ऐकणाऱ्याला क्षणाचाही खंड जाणवत नाही. खर्च दुप्पट होतो खरा. पण तो ट्रान्सफॉर्मरच्या किमतीशी ताडून बघितला की फार वाटत नाही.

मौनाचा अर्थ : अमेरिका, २००३

आता मघाचा मुद्दा. १४ ऑगस्ट २००३. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या एका वीजकंपनीचा नियंत्रण कक्ष. दुपारी सव्वादोनच्या सुमारास तिथल्या संगणकातली धोक्याच्या सूचना देणारी प्रणाली अडकली. सॉफ्टवेअरमधला दोष. प्रणाली अडकली आहे, अशी सूचनाही कुणाला आली नाही. पडदे समोर होते आणि सूचना येत नव्हत्या. सूचना नाही म्हणजे सगळं ठीक, असं ऑपरेटर समजून चालले. बाहेर मात्र भाराने तापून खाली झुकलेल्या लाइना झाडांना टेकून एकामागून एक ट्रिप होत होत्या. पहिली मोठी लाइन तीननंतर गेली. चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास जाळं सरसर कोसळलं आणि अमेरिका-कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

पहिल्या लाइनपासून कोसळण्यापर्यंत तासाभराचा अवधी होता. भार कमी करायला तो पुरला असता. तेव्हा बघा, फिजिक्स तेच होतं, यंत्रं होती, माणसंही जागी होती. निरोप तेवढा नव्हता, आणि तो नाही हे कळायची सोय नव्हती. म्हणून चांगल्या संपर्कव्यवस्थेचा पहिला नियम: मौन हीसुद्धा बातमी आहे, आणि ती बातमी कुणीतरी द्यायला हवी.

ऐकून न ऐकल्यासारखं : भारत, २०१२

दुसरं उदाहरण आपलं. ३० जुलै २०१२ला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही. त्या भागात ६० कोटींहून जास्त लोक राहतात. पश्चिमेचं आणि दक्षिणेचं ग्रिड वाचलं, त्यामुळे महाराष्ट्रात आपण ही बातमी टीव्हीवर बघू शकलो.

झालं काय होतं? पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणारे बरेच मार्ग दुरुस्तीसाठी किंवा इतर कारणांनी बंद होते. उरलेल्या बिना–ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाइनवर सगळा भार आला. व्होल्टेज खाली, प्रवाह वर. आपल्याच टोकाचे आकडे बघणाऱ्या रिलेला हा जड भार दूरवरच्या बिघाडासारखा दिसला, आणि त्याने लाइन तोडली. दोन्ही टोकांची तुलना करणारा रिले भाराला बिघाड समजत नाही, कारण जेवढं आत गेलं तेवढं बाहेर पडतच असतं. एका टोकाचं ज्ञान आणि दोन टोकांचं ज्ञान यांतला फरक तो हाच.

पण चौकशी समितीने आणखी एक कारण नोंदवलं, आणि ते तंत्राचं नाही. प्रादेशिक भार प्रेषण केंद्र राज्यांना सांगत होतं की ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढू नका. त्या सूचनांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. म्हणजे निरोप पोचला होता, पण पाळला गेला नाही. कितीही फायबर टाका, त्या टोकाला ऐकणारं कुणी नसेल तर उपयोग शून्य.

या घटनेनंतर एका उपकरणाकडे देशाचं लक्ष गेलं, पीएमयू. फेजर मेझरमेंट युनिट. स्काडा काही सेकंदांनी एकेक आकडा आणतं, आणि प्रत्येक आकडा वेगळ्या क्षणाचा असतो. पीएमयू सेकंदाला २५ किंवा ५० वेळा मोजतं, आणि प्रत्येक मापावर उपग्रहाच्या घड्याळाचा शिक्का असतो. त्यामुळे ग्वाल्हेरचा आणि सोलापूरचा अगदी एकाच क्षणीचा कोन शेजारी ठेवून बघता येतो. दोन टोकांच्या कोनांतलं अंतर वाढत चाललं, की जाळं ताणलं जातंय हे कळतं.

हे उपकरण १९८८च्या सुमारास अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात घडलं. करणारे होते अरुण फडके आणि जेम्स थॉर्प. पहिलं नाव ऐकून आपले कान टवकारले असतील. फडके आयआयटी खरगपूरचे पदवीधर. दोघांना २००८ साली बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. २०१२नंतर पॉवरग्रिडने देशभर पीएमयूंचं मोठं जाळं उभारायला घेतलं. आणि ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिण भारत उरलेल्या देशाशी एकाच फ्रिक्वेन्सीत जोडला गेला. एवढ्या मोठ्या जाळ्याला सेकंदासेकंदाला एकत्र बघणारे डोळे नसतील, तर ते चालवणं म्हणजे अंधारात ट्रक हाकणं.

रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंत

आतापर्यंत मोठ्या लाइनांचं झालं. आपल्या गल्लीतली डीपी आणि आपला मीटर? इथे फायबर परवडत नाही, कारण टोकं कोट्यवधी आहेत. केंद्राने २०२१मध्ये जाहीर केलेल्या सुधारणा योजनेत २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचं लक्ष्य ठेवलंय. इतक्या टोकांसाठी दोन रस्ते मुख्यतः वापरले जातात.

एक, मोबाइलचं जाळं. प्रत्येक मीटरमध्ये सिम. सोपं, पण तळघरात, डोंगराआड, पत्र्याच्या पेटीत रेंज जाते, आणि दर महिन्याचा खर्च आहे. दुसरा रस्ता आरएफ मेश. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर मीटर आपला निरोप शेजारच्या मीटरला देतो, तो पुढच्याला, असं करत निरोप खांबावरच्या संकलकापर्यंत पोचतो. गर्दीच्या वस्तीत हे उत्तम चालतं, कारण शेजारी भरपूर. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवर शेजारी मीटरच लांब, तिथे साखळी तुटते. म्हणून ‘यातलं चांगलं कुठलं’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठे चांगलं, हे विचारायला हवं.

स्मार्ट मीटरकडे आपण बिलाच्या नजरेने बघतो. पण जाळं चालवणाऱ्याला त्याचा दुसराही उपयोग आहे. वीज जाता जाता मीटर साठवलेल्या थोड्याशा ऊर्जेवर शेवटचा निरोप पाठवू शकतो, ‘लाइट गेली’. कुठल्या डीपीखालचे मीटर एकदम बोलेनासे झाले, यावरून बिघाड कुठे ते कळतं. भर पावसात रात्री फिडरवर खांब न् खांब तपासत फिरणाऱ्या लाइनमनची पायपीट त्यामुळे कमी होऊ शकते. मात्र एक गोष्ट पक्की. पडद्यावर लाइन बंद दिसतेय म्हणून खांबावर चढायचं नाही. परमिट, चाचणी आणि अर्थिंग झाल्याशिवाय हात लावायचा नाही. नेटवर्कवरचा निरोप ही माहिती असते. ती सुरक्षिततेची हमी नव्हे.

खोटा निरोप : युक्रेन, २०१५

उशीर झाला, मौन झालं. आता राहिला खोटेपणा. २३ डिसेंबर २०१५ला युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत ऑपरेटरांच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप हलू लागला आणि एकेक ब्रेकर उघडू लागला. हल्लेखोर काही महिने आधीच ईमेलमधल्या फसव्या फाइलींवाटे ऑफिसच्या जाळ्यात शिरले होते, आणि तिथून नियंत्रणाच्या जाळ्यापर्यंत पोचले होते. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. तक्रार केंद्राचे फोन खोट्या कॉलनी भरून टाकले गेले, म्हणजे खरे निरोपही अडवले.

लक्षात घ्या, ब्रेकरने काही चूक केली नाही. त्याला ‘उघड’ असा हुकूम आला, तो उघडला. यातले बरेच जुने प्रोटोकॉल हुकूम कोण देतंय हे विचारतच नाहीत. ते घडले तेव्हा जाळं कुंपणाच्या आत असायचं, आणि आत आलेला तो आपलाच, असं गृहीत होतं. आता आयईसी ६२३५१सारखी मानकं निरोपावर ओळखीची सही मागतात. ऑफिसचं जाळं आणि नियंत्रणाचं जाळं वेगळं ठेवणं, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक दाराला दुहेरी कुलूप लावणं, ही त्याच्या आधीची साधी पथ्यं.

युक्रेनमध्ये काही तासांत वीज परत आली. कशी? माणसं गाडीतून सबस्टेशनांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. कारण हाताने चालवायची सवय त्यांची सुटली नव्हती. आपण सबस्टेशनं माणसांविना चालवायला निघालो आहोत, तेव्हा हे विसरून चालणार नाही. हाताने ब्रेकर चालवता येणारा माणूस हीसुद्धा राखीव व्यवस्थाच आहे, आणि तिचाही सराव ठेवावा लागतो.

शेवटचा मुद्दा. सगळीकडे अंधार झाला की जाळं पुन्हा उभं करायचं असतं, एकेक तुकडा जोडत. त्या वेळी निरोपांची सर्वाधिक गरज असते, आणि नेमकी तेव्हाच वीज नसते. म्हणून संपर्काच्या उपकरणांना सबस्टेशनमध्ये ४८ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. कोट्यवधींची यंत्रणा घेतली आणि त्या बॅटरीत पाणी आहे का हे बघितलं नाही, तर गरजेच्या दिवशी सगळंच मुकं होईल.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न: मोबाइल टॉवर एवढे आहेत, तर वीजकंपनीने स्वतःचं जाळं का टाकायचं?*

मीटरसाठी मोबाइल चालतो. पण मोठा अंधार झाला की टॉवरही आपल्या बॅटरीवर जातात, आणि काही तासांनी एकेक बंद पडतात. जाळं उभं करण्याचं काम त्यांच्या भरवशावर टाकता येत नाही. शिवाय गर्दीच्या वेळी टॉवर कुणाला आधी बोलू देईल, हे वीजकंपनीच्या हातात नसतं.

*प्रश्न: मग फाइव्ह-जीने हे सगळं सुटेल का?*

काही सुटेल. फिडरवरची स्विचं, सोलर प्रकल्प, ईव्ही चार्जिंग यांना त्याचा फायदा आहे. सबस्टेशनच्या आतल्या ३ मिलिसेकंदांच्या कामाला मात्र काच आणि तांबं सोडून जायचं आज काही कारण दिसत नाही.

*प्रश्न: मीटरची रेंज गेली तर आमचं रीडिंग बुडेल का?*

नाही. मीटर नोंदी आपल्याच स्मृतीत ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो. मुदत मोठी असल्याचा हाच फायदा.

मंडळी, पुढच्या वेळी ‘स्मार्ट’ या शब्दाची जाहिरात दिसली, तर तिला चार प्रश्न विचारा. निरोपाला मुदत किती? तो आला नाही हे कुणाला, किती वेळात कळेल? तो खरा आहे हे कशावरून? आणि तो ऐकून काम करणारं माणूस किंवा यंत्र जागेवर आहे का? ही चार उत्तरं नीट मिळाली, तर ग्रिड खरंच शहाणं आहे असं समजायला हरकत नाही.